पूरपातळीच्या नोंदी कुठे ठेवायच्या? सांगलीतल्या एका मुक्तस्रोत प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आयर्विनला किती फूट?” कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. तिथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ वर गेलं की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ चा पूर इथं मोठा मानला जायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि ‘२००५ ला आपल्या दारात आलं नव्हतं’ या हिशेबावर घरात थांबलेली अनेक कुटुंबं अडकली.

पुलावरचा आकडा सगळ्यांपर्यंत पोहोचतो. खरी अडचण त्याच्या पुढची असते. पुलाला ४३ फूट असताना माझ्या गल्लीत पाणी कुठवर येतं? गावातून बाहेर पडायचा रस्ता आधी बंद होतो की घर आधी बुडतं? शहरातल्या सखल भागांची यादी महापालिकेकडे असते. काठावरच्या गावांतलं हे ज्ञान मात्र बहुतांशी म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आणि भिंतींवरच्या खुणांत असतं. मिरज आणि पलूस तालुक्यांतल्या काही गावांपुरतं ते गोळा करून साध्या मराठी पानांवर मांडायचं, आणि त्यामागचा कोड आणि नोंदी दोन्ही खुल्या परवान्याखाली ठेवायच्या, असा हा प्रकल्प. पानांवर पहिल्याच ओळीत लिहिलेलं आहे की अधिकृत सूचना जलसंपदा विभागाची आणि प्रशासनाचीच, हे पान फक्त मदतीला.

काम करणारी माणसं चार तऱ्हांची. विश्रामबागेकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता, दोन-तीन शिक्षक, आणि ग्रामपंचायतीत बसणारे संगणक परिचालक. यातल्या विद्यार्थ्यांनाच गिट, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन, येत होतं. हे प्रकरण नीट समजायचं तर एवढं लक्षात ठेवावं लागेल: नोंदींचा सगळ्यात मोलाचा भाग अशा लोकांकडून येणार होता, ज्यांनी ‘कमिट’ (गिटमध्ये केलेली बदलाची नोंद) हा शब्दच ऐकलेला नव्हता.

आवृत्त्या ठेवायच्या कशाला

सुरुवातीला सगळं एका सामायिक गूगल शीटमध्ये होतं, आणि ते बरं चाललंय असं काही जणांचं मत होतं. शीटलाही बदलांचा इतिहास असतोच. पण एका संध्याकाळी फोन आला, “सर, आमच्या गल्लीला तुमी पंचेचाळीस लिवलंय. पाणी त्रेचाळीसलाच येतंय की! पंचेचाळीसला तर घर सोडून जायाला वाटच नसती.” आकडा दुरुस्त झाला. पण आधीचा ४५ कुणी, कशाच्या आधारावर लिहिला होता ते सापडेना. कुणी २००५ ची आठवण सांगितली होती, की कुणी शेजारच्या गल्लीचा आकडा उचलला होता? शीटमध्ये बदल दिसतो, पण बदलामागचं कारण लिहायला ठरलेली जागा नसते, आणि कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी अटही नसते.

इथं दोन फुटांचा फरक म्हणजे घर सोडायला मिळणारे काही तास. म्हणून प्रत्येक आकड्यामागे कोण, कधी आणि कशाच्या आधारावर, हे कायमचं नोंदलेलं असणं हीच आमची पहिली गरज ठरली. आवृत्ती नियंत्रणाची साधनं मुळात याच कामासाठी असतात.

गिट, सबव्हर्जन, मर्क्युरियल, फॉसिल

साधन निवडताना निवृत्त अभियंत्यांचा कल सबव्हर्जनकडे होता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सबव्हर्जनमध्ये आवृत्तीला साधा चढता क्रमांक मिळतो. ‘२१२ नंबरचा बदल बघा’ हे फोनवरही सांगता येतं. गिटमध्ये त्या जागी चाळीस अक्षरी हॅश, म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळखखूण असते. पण सबव्हर्जनचा इतिहास सर्व्हरवर राहतो आणि नोंद करायला दर वेळी सर्व्हर लागतो. ज्या आठवड्यात आम्हाला नोंदींची सगळ्यात जास्त गरज, त्याच आठवड्यात काठावरच्या गावांत वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. गिटमध्ये क्लोन केलेल्या, म्हणजे पूर्ण प्रत उतरवून घेतलेल्या प्रत्येक यंत्रावर पूर्ण इतिहास असतो, नेट नसतानाही कमिट होतं आणि नेट आल्यावर ते पुश करता येतं, म्हणजे वर पाठवता येतं. सबव्हर्जन इथंच मागे पडलं.

मर्क्युरियल हे गिटचंच समवयस्क. लिनक्सच्या कामात वापरलं जाणाऱ्या बिटकीपर या साधनाची मोफत वापराची सोय काढून घेतल्यावर एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं, आणि त्याच महिन्यात मर्क्युरियलही सुरू झालं. मर्क्युरियलचे आदेश नवख्याला सोपे जातात हे खरंच आहे. पण बिटबकेट या संकेतस्थळाने २०२० मध्ये मर्क्युरियलचा आधार पूर्ण काढून टाकला आणि मर्क्युरियलचे रेपो (इतिहासासकट फाइलींचा साठा) ठेवायची सर्वांत ओळखीची जागा गेली.

मला स्वतःला सगळ्यात जास्त मोह पडला तो फॉसिलचा. एसक्यूलाइट हा डेटाबेस लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांनी ते बनवलं आणि एसक्यूलाइटचा सगळा कोड त्यातच आहे. फॉसिलची खासियत अशी की कोडबरोबर तक्रारींची नोंद आणि विकी हेही त्याच एका फाइलमध्ये राहतं. क्लोन केलं की चर्चाही सोबत येते. हे का महत्त्वाचं ते पुढे येईलच. तरीही फॉसिल बाजूला ठेवावं लागलं, कारण एका विद्यार्थ्याची पदवी झाली की तो पुण्याला जातो आणि त्याच्या जागी येणाऱ्याला गिट थोडंफार आलेलं असतं, फॉसिल नाही. दर वर्षी माणसं बदलणाऱ्या गटाने सगळ्यांना नव्याने शिकवावं लागेल असं साधन घेणं परवडत नाही.

थोडक्यात, गिट ठरायला वेळ लागला नाही. पण मराठी मजकुरासाठी गिटची थोडी डागडुजी करावी लागली, आणि ती कुठे एकत्र लिहिलेली आढळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट फाइलींच्या नावांची. ‘हरिपूर’ नावाची फाइल बदलली की गिट स्टेटस दाखवताना नावाच्या जागी ३४०, २४४, २७१ अशा आकड्यांची माळ दाखवतं. ते ‘ह’ या अक्षराचे तीन बाइट आहेत, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ केली की नाव देवनागरीत दिसतं. एका ओळीचं काम आहे, पण परिचालकाला पहिल्याच दिवशी आकड्यांची माळ दिसली तर तो फाइल बिघडली असंच समजणार.

दुसरी गोष्ट जास्त चिवट आहे. ‘दुसऱ्या गल्लीत’ असं लिहिताना त्यातला ‘ऱ्य’ वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळा उमटतो. कुठे ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, कुठे र आणि नुक्ता (खालचा टिंब) अशी दोन चिन्हं येतात, तर कुठे साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला तिन्ही जवळपास सारखीच. गिटला मात्र ती वेगळी असतात, त्यामुळे एकही अक्षर न बदलता डिफमध्ये, म्हणजे दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या यादीत, अख्खी ओळ लाल-हिरवी होते. युनिकोडचं प्रमाणीकरण पहिल्या दोन रूपांना एकत्र आणतं, तिसऱ्याला नाही. म्हणून फाइल जमा होण्याआधी तिन्ही रूपं एकाच रूपात आणणारी छोटी स्क्रिप्ट लावावी लागली. शेतकऱ्यांच्या, वाऱ्याच्या, पायऱ्यांच्या उल्लेखांनी भरलेल्या मजकुरात ही स्क्रिप्ट नसेल तर तपासणाऱ्याला खरा बदल शोधून सापडत नाही.

तिसरी गोष्ट मांडणीची. सगळ्या गावांचा एकच तक्ता न ठेवता प्रत्येक गावाची वेगळी फाइल केली आणि एका ओळीत एकच गल्ली ठेवली. पावसाळ्यात एकाच रात्री दोघांनी दोन गावांचे आकडे बदलले तरी टक्कर होत नाही.

जागा कुठली

होस्टिंगच्या जागेचा, म्हणजे रेपो इंटरनेटवर कुणाकडे ठेवायचा याचा विचार करताना बहुतेक चर्चा मोफत किती मिळतं यावर अडकते. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली: ही जागा उद्या सोडावी लागली तर सोबत काय येईल आणि काय मागे राहील?

हा प्रश्न काल्पनिक नाही, कोड ठेवायच्या अशा जागा बंद होतात किंवा विकल्या जातात. गूगल कोड २००६ मध्ये सुरू झालं आणि २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. गिटोरियस २०१५ मध्ये गिटलॅबने विकत घेतलं आणि त्याच वर्षी मिटलं. मायक्रोसॉफ्टचं कोडप्लेक्स २०१७ मध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टनेच २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घेतलं. आपल्याकडचा अनुभव वेगळाच: डिसेंबर २०१४ मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशावरून ३२ संकेतस्थळं अडवली गेली, त्या यादीत गिटहबही होतं. आणि २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या लोकांच्या गिटहब खात्यांवर बंधनं आली. त्या लोकांचा स्वतःचा काहीही दोष नव्हता.

गिटचा रेपो हलवणं सोपं असतं. इतिहास प्रत्येकाच्या यंत्रावर असतोच. नवी जागा जोडायची आणि पुश करायचं. पण इश्यू (तक्रारी आणि सूचनांच्या नोंदी), त्यांखालची चर्चा, पुल रिक्वेस्टवरच्या (बदल स्वीकारायच्या विनंतीवरच्या) सूचना आणि कुणाला कसला अधिकार आहे याच्या याद्या गिटमध्ये नसतात, त्या होस्टिंगच्या जागेकडे असतात. घर बदलताना सामान टेम्पोत घालून नेता येतं, शेजार नेता येत नाही. आमच्या प्रकल्पात तर हा शेजारच मोलाचा होता, कारण ‘त्रेचाळीसलाच येतंय’ हे वाक्य आधी चर्चेत येतं आणि मग आकड्यात.

या कसोटीवर चार पर्याय तपासले. पहिला स्वतःचा सर्व्हर. गिटहबसारखी जागा स्वतः उभी करायचं फोर्जेयो हे मुक्त साधन छोट्या यंत्रावरही चालतं आणि एका शिक्षकांची तशी तयारीही होती. मनाला पटणारा पर्याय होता, पण मी त्याच्या विरोधात ठाम होतो. सर्व्हर ठेवायचा म्हणजे सुरक्षा दुरुस्त्या, बॅकअप आणि डिस्क भरली की ती मोकळी करणं, हे सगळं एका माणसाच्या अंगावर येतं, आणि तो माणूस पुराच्या आठवड्यात स्वतःचं घर रिकामं करत असणार. पूरपातळीच्या नोंदींचा सर्व्हर सांगलीत ठेवणं तर अजिबातच पटणारं नव्हतं.

गिटलॅब हे साधन म्हणून भक्कम आहे. नोम आणि डेबियनसारखे मोठे मुक्तस्रोत प्रकल्प २०१८ मध्येच गिटलॅबच्या स्वतः चालवलेल्या प्रतींवर गेले. पण त्याच्या सार्वजनिक जागेवर मे २०२१ पासून नव्या मोफत खात्याला पाइपलाइन (बदल आला की आपोआप होणारी तपासणी) चालवायची तर कार्डाची पडताळणी लागू लागली, आणि आमच्या निम्म्या मुलांकडे कार्ड नव्हतं. आमची मराठी मजकूर तपासणारी स्क्रिप्ट तर पाइपलाइनमध्येच चालायची होती.

राहिले दोन: गिटहब आणि कोडबर्ग. कोडबर्ग ही बर्लिनमधली ना-नफा संस्था, सदस्यांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालते आणि आतून फोर्जेयो वापरते. तिथं प्रकल्प ठेवायचा तर खुला परवाना लागतोच. ही अट आम्हाला फायद्याची ठरली, कारण परवान्याचा विषय आम्ही पुढे ढकलत होतो. गल्ल्यांची नावं ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून घेतलेली असल्याने नोंदींना त्यांचाच ओडीबीएल हा खुल्या माहितीचा परवाना लागतो, हे त्यानिमित्ताने वेळेत ठरलं. विचाराने मी कोडबर्गच्या बाजूचा आहे. लोकांच्या जिवाशी संबंध असलेली माहिती लोकांच्या संस्थेकडे असावी असं मला मनापासून वाटतं.

तरीही मुख्य जागा गिटहब ठरली. निर्णायक कारण तांत्रिक नव्हतं. सुट्टीच्या दिवसांत काम करणाऱ्या मुलांचा गिटहबवरचा सहभाग नोकरीच्या मुलाखतीत दिसतो, आणि बिनपगारी राबणाऱ्या पोराला त्याच्या कष्टाचा एवढा तरी उपयोग व्हावा. त्यात सगळ्यांची खाती तिथं आधीपासून होती. सार्वजनिक रेपोसाठी तपासणीच्या स्क्रिप्टा फुकट चालतात. आणि पानं दाखवायला गिटहब पेजेस ही त्यांचीच संकेतस्थळाची सोय पुरेशी होती. पानं उघडली जाण्यावर महिन्याला साधारण १०० जीबीची मर्यादा आहे. आमचं एका गावाचं पान ४० केबीच्या आत ठेवलं, म्हणजे २५ लाख वेळा उघडलं तरी चालेल.

त्या निर्णयाची किंमत

गिटहब निवडल्यावर काही ओझी आपोआप आली. पहिलं द्विस्तरीय पडताळणीचं, म्हणजे पासवर्डबरोबर आणखी एक अंक द्यायचं. २०२३ पासून गिटहबने कोडमध्ये भर घालणाऱ्यांना ती सक्तीची केली. संगणक परिचालक फोन बदलतो, नंबर बदलतो, आणि मग खात्याबाहेर राहतो. एसएमएसवर येणारा अंक नेटवर्क नसताना येतच नाही. फोनमधल्या ऑथेंटिकेटर ॲपमधला अंक नेटशिवायही मिळतो, म्हणून सगळ्यांना तेच लावून दिलं. परत शिरण्यासाठीचे कोड कागदावर छापून ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि घरी, अशा दोन ठिकाणी ठेवले. रेपोचे मालक तीन आहेत: एक सांगलीत, एक विट्याला, एक पुण्यात. विटा कृष्णाकाठापासून लांब आहे, म्हणूनच ते निवडलं.

दुसरं ओझं म्हणजे परिचालकांनी नेमकं काय करायचं. त्यांना आदेश शिकवायचा विचार सोडून दिला. ब्राउझरमध्ये फाइल उघडायची, पेन्सिलीच्या खुणेवर टिचकी मारायची, आकडा बदलायचा, आणि खाली कारण लिहायचं. गिटहब तेवढ्यावरून पुल रिक्वेस्ट बनवतं. ज्याला तेही जमत नाही तो फोन करतो आणि आमच्यातला कुणीतरी नोंद करतो. मुख्य शाखेत काहीही जायचं तर दुसऱ्या एकाने तपासलंच पाहिजे, अशी कडी लावली आहे. तपासणारा आकडा बघत नाही, आधार बघतो. एक नोंद जशी आहे तशी देतो:

“तळ्याकडची गल्ली: ४५ वरून ४३. आधार: दोन घरांतील रहिवाशांनी २०१९ मध्ये प्रत्यक्ष पाहिलेलं, एका भिंतीवरची खूण. रस्ता घराआधी बंद होतो. पातळी मोजून तपासणं बाकी.”

यात माहिती देणाऱ्याचं नाव नाही, हे मुद्दाम. गिटचा इतिहास सार्वजनिक असतो आणि एकदा इतरांनी क्लोन केला की पुसता येत नाही. पहिल्या मसुद्यात काही जणांनी भलेपणाने सांगणाऱ्या बाईचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला होता. तो रेपो सार्वजनिक करण्याआधी टाकून दिला आणि नव्याने सुरुवात केली. कमिटमध्ये लेखकाचा ईमेलही दिसतो. गिटहब त्याऐवजी वापरायला एक आडपत्ता देतं, तो सगळ्यांना लावून दिला.

तिसरं ओझं फोटोंचं. भिंतीवरच्या खुणांचे फोटो आधार म्हणून हवेच असतात, आणि मोबाइलवरचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. गिटमध्ये फोटो एकदा गेला की पुढच्या कमिटमध्ये काढला तरी इतिहासात राहतो आणि क्लोन जड होत जातो. त्यात गिट क्लोन मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो, राहिलेला भाग तेवढा उतरवता येत नाही. गावातल्या नेटवर जड रेपो कधीच पूर्ण उतरत नाही. म्हणून फोटो वेगळ्या रेपोत, आकाराने लहान करून आणि त्यातली जागेची छुपी माहिती काढून ठेवले. नव्या माणसाला सगळा इतिहास नको असेल तर फक्त ताजी आवृत्ती उतरवायला शिकवतो. आणि पूर्ण रेपो हवा असेल तर गिट बंडल: अख्खा इतिहास एका फाइलमध्ये बांधला जातो, पेनड्राइव्हवर नेता येतो आणि त्या फाइलवरून सरळ क्लोन होतो. भिलवडीकडच्या एका परिचालकाला आम्ही तसाच दिला.

मागे राहणाऱ्या शेजाराचं काय

इथं फॉसिलची कल्पना कामी आली. आमचा नियम असा: जो निर्णय नोंदींवर परिणाम करतो, तो फक्त इश्यूत राहता कामा नये. चर्चा इश्यूत होऊ दे, पण मिटली की तिचं सार ‘निर्णय’ नावाच्या फोल्डरमध्ये, तारखेसह, एका साध्या मजकूर फाइलमध्ये जातं. ‘पुलाचा आकडा आणि गावातली पातळी यांत किती तासांचं अंतर धरायचं’, ‘दोन रहिवाशांचे आकडे जुळले नाहीत तर कुठला घ्यायचा’ (कमी फुटांचा, कारण लवकर निघालेलं बरं) असे निर्णय तिथं आहेत. उद्या गिटहब नसलं तरी हे फोल्डर प्रत्येकाच्या यंत्रावर असेल.

कोडबर्गवर रोज रात्री आरसा-प्रत, म्हणजे रेपोची हुबेहूब नक्कल जाते. ती विट्याच्या यंत्रावरून जाते, गिटहबच्याच यंत्रणेवरून नाही, कारण खातंच अडलं तर तीही अडेल. मात्र आरसा-प्रत चुकाही तशाच उतरवते. कुणी मुख्य शाखा बिघडवली तर सकाळपर्यंत दोन्ही जागी बिघडलेली असते. म्हणून महिन्यातून एकदा बंडल काढून तारखेच्या नावाने वेगळा ठेवतो, त्यावर काही पुन्हा लिहिलं जात नाही.

जागा हलवायची रंगीत तालीमही झाली. फोर्जेयोमध्ये गिटहबवरून प्रकल्प आणायची सोय आहे आणि ती इश्यू, लेबलं, पुल रिक्वेस्टसकट आणते. जुन्या प्रतिक्रिया आल्या, कुणाची कुठली तेही लिहून आलं, पण ती माणसं त्या जागी खात्याच्या रूपात नव्हती. त्यांना कळवणं, त्यांना अधिकार देणं, पडताळणी लावून देणं हे हातानेच करावं लागेल. तालमीतून निघालेली कामांची यादी ‘निर्णय’ फोल्डरमध्येच आहे.

कोडबर्गला मुख्य जागा कधी करायचं हेही तिथं लिहून ठेवलंय. गिटहबने मोफत सार्वजनिक रेपोच्या अटी अशा बदलल्या की परिचालकांना ब्राउझरमधून दुरुस्ती करणं जमेनासं झालं, किंवा आमच्यापैकी एखाद्याचं खातं कारण न देता बंद झालं, किंवा नव्या मुलांपैकी निम्म्यांची खाती कोडबर्गवर आधीपासून असतील, तर त्या वर्षी मे महिना संपायच्या आत हलायचं. जूननंतर काहीही हलवायचं नाही. पावसाळ्यात पत्ता बदलला तर गावातल्या फोनमध्ये जपून ठेवलेला दुवा उघडणार नाही.